अंगठ्याबाबत धोरण

माझ्या आत्याच्या स्वयंपाकघराचे शेवटी दोन तुकडे झाले. चूल आत्याकडे राहिली, नळ शेजारच्या सुताराकडे गेला.

असं अजून काहीही झालेलं नाही. हे वाक्य मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. स्वयंपाकघर अख्खं आहे, पाच हात रुंद, आणि आत्या त्यात कांदा चिरत होती, तेवढ्यात मोजणीदार आला.

कचेरीचा नवा हुकूम निघाला होता. ज्यांच्या जागेचे कागद हातांत आणि मुठींत लिहिलेले आहेत, त्यांनी ते काठ्यांत बदलून घ्यावेत. आत्याच्या कागदावर होतं : विहिरीपासून साठ हात, साठ मुठी. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, म्हणून बारा काठ्या. मोजणीदाराने हे गणित दीड तासात सोडवलं.

"झालं काकू," तो घाम पुसत म्हणाला. "आता फक्त जागेवर मोजायचं."

"मग मोजा की. काठी कुठाय?"

मोजणीदार स्वतःच्या चपलांकडे बघू लागला.

कचेरीत एक अस्सल लोखंडी काठी होती. ती साहेबांच्या खोलीत पडद्याला लावली. खिडकी लहान निघाली, म्हणून काठी कापली. त्यामुळे आता नवी काठी बनवणं आलं, तीही पाच हात पाच मुठी मोजूनच. म्हणजे हातांनी काठी करायची आणि त्या काठीने हात मोजायचे.

"त्यापेक्षा सरळ हातच मोजा ना," आत्या म्हणाली.

"हुकूम काठीचा आहे, काकू."

मोजणीदाराने अंगणात बांबू आडवा टाकला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत पाच हात मोजले. मग मूठ धरली, आणि कुंपणावरून सुतार ओरडला, "थांबा! अंगठा वर का काढलाय?"

"मूठ अशीच धरतात," आत्या म्हणाली.

"वहिनी, मूठ म्हणजे मिटलेली. अंगठा आत. तीस वर्षं लाकूड मोजतोय मी."

"आणि तीस वर्षांत तुमची एक तरी खुर्ची चार पायांवर उभी राहिलीय का, सुतारभाऊ?"

वाद खुर्चीचा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मिटलेली मूठ चार अंगुळांची. अंगठा वर काढला की सहा. दर मुठीला दोन अंगुळांचा फरक, साठ मुठींना एकशे वीस. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे पाच हात. जागेच्या अगदी टोकाला, सुताराच्या कुंपणाला लागून, नेमकं पाच हातांचं काय होतं? आत्याचं स्वयंपाकघर. अंगठा वर, तर ते आत्याचं. अंगठा आत, तर सुताराचं.

आत्याने तिथे सव्वीस वर्षं स्वयंपाक केला होता. चूल हलवायला दुसरी जागा नव्हती. घरात आणखी एकच खोली होती आणि तिच्यात आतोबा आडवे असत. सुतारही काही दुष्ट नव्हता. त्याच्या फळ्या उघड्यावर भिजत होत्या.

मोजणीदाराने बांबू तसाच सोडला आणि कचेरीला विचारणा पाठवली. तीन महिन्यांनी उत्तर आलं : "अंगठ्याबाबत कचेरीचे धोरण नाही. धोरण ठरेपर्यंत मोजणीदाराने मूठ आहे त्या स्थितीत ठेवावी." माणूस आज्ञाधारक. बिचारा पुढचे आठ दिवस डाव्या हाताने जेवला.

नवव्या दिवशी साहेब स्वतः आले. साहेबांनी उभ्या आयुष्यात कोणालाही नाराज केलं नव्हतं, त्यामुळे सगळेच त्यांच्यावर थोडे थोडे नाराज असत. त्यांनी आत्याचं ऐकलं, मान डोलावली. सुताराचं ऐकलं, तितकीच डोलावली.

"दोघांचंही बरोबर आहे," साहेब म्हणाले. "अंगठा अर्धा वर."

"अर्धा म्हणजे?" सुताराने विचारलं.

साहेबांनी मूठ करून दाखवली. अंगठा ना आत, ना बाहेर. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रत्येक अर्जाला हीच खूण केली होती, म्हणून ती त्यांना चटकन जमली.

"अहो पण साहेब," आत्या म्हणाली, "अर्ध्या अंगठ्याने कुणी कधी काय मोजलंय?"

"आजपासून मोजतील."

आतोबा उठून दारात आले, म्हणाले, "तडजोड बरी असते," आणि परत जाऊन आडवे झाले. आत्याने त्या दिवशी त्यांना दोनदा वाढायचं ते एकदाच वाढलं.

पाच अंगुळांची मूठ धरून काठी तयार झाली. बारा काठ्या मोजत मोजणीदार विहिरीपासून निघाला, मागच्या दारातून आत शिरला आणि अडीच हात चालून थांबला. तिथे त्याने खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे चूल, पलीकडे नळ. संध्याकाळपर्यंत नळाखाली सुताराच्या फळ्या रचलेल्या होत्या.

"वहिनी, माझी काही हरकत नाही," सुतार ओशाळून म्हणाला. "पाण्याला कधीही या."

"असं नाही चालत," मोजणीदार म्हणाला. "हद्द ओलांडायची तर हरकत नसल्याचं लेखी लागतं. ते कचेरीत येणार, मग पाहणी, मग परवानगी. दर खेपेला वेगळी."

"दर खेपेला?"

"काकू, नियम मी केलेला नाही. मी फक्त अंगठा धरतो."

आत्याने डाव्या हातात पळी धरली, उजव्या हाताने कागद ओढला आणि ओट्यावरच लिहायला घेतलं :

"माननीय साहेबांच्या सेवेशी. अर्जदार ही चूल बाजूची रहिवासी असून नळ बाजूस तिचे दररोज सरासरी चाळीस वेळा जाणे होते. आजच्या चाळीस खेपांचे चाळीस अर्ज सोबत जोडले आहेत. पैकी अर्ज क्रमांक एक तातडीचा आहे, कारण दूध चुलीवर ठेवले असून त्यात घालावयाचे पाणी नळ बाजूस आहे. तरी सुतारांची लेखी संमती, स्थळपाहणी व वरिष्ठांचा अभिप्राय हे सर्व पूर्ण करून दूध उतू जाण्याच्या आत परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."