एकतिसावा दिवस

मी तारखेचा एक जुना शिक्का आहे. लाकडी मुठीचा, पोटात दिवस, महिना आणि सालाच्या रबरी पट्ट्या असलेला. स्वतःची कहाणी सांगावी एवढा मी मोठा नाही, मित्रांनो. पण एक गोष्ट पाहिली आहे, ती जमेल तशी सांगतो.

चिकपेटेतल्या एका शिक्केवाल्याने मला घडवले. तिथून मी इंदिरानगरच्या एका कचेरीत आलो. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे नागरिकांचे मंडळ तिथे बसते. मंडळ पोलिसांना बोलावू शकते, ठाण्यातले कागद मागवू शकते, साक्ष घेऊ शकते. शिक्षा देऊ शकत नाही. सरकारकडे शिफारस करते. तक्रार मात्र घटनेपासून तीस दिवसांत यावी लागते, आणि ती कधी आली हे माझ्या ठशावरून ठरते. सुरुवातीला माझा ठसा उमटला की काही जण कागद कपाळाला लावत.

पुढे कचेरीत एक रीत पडली. कागद अपुरा असला की शिक्का न मारताच परत. मी दिवसेंदिवस कोरडा राहू लागलो.

यल्लव्वा होसकोट्यात इडल्या विकायची. चौकशीसाठी तिला ठाण्यात नेले, आणि ती उजवे मनगट मोडून बाहेर आली. ठाण्याच्या वहीत नोंद झाली, ‘पाय घसरून पडली.’

नवव्या दिवशी ती आमच्याकडे आली. आवक लिपिक शेषगिरी म्हणाले, “अक्का, शपथपत्रावर नोटरीची सही नाही. घेऊन या, सरी? ठीक आहे ना?”

विसाव्या दिवशी ती सही घेऊन आली. “अक्का, घटनेची वेळ लिहिली नाही. पुन्हा करावं लागेल.”

“मनगट मोडताना घड्याळ कोण बघतं, अण्णा?”

शेषगिरी हसले. शिक्का मारला नाही.

तिसऱ्यांदा आली तेव्हा कागद पूर्ण होता. शेषगिरींनी बोटांवर दिवस मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. “एकतिसावा दिवस आहे, अक्का. काल आला असतात तर...”

“मी तर नवव्या दिवशीच आले होते. तुम्हीच परत पाठवलंत.”

शेषगिरींनी मला उचलले आणि दिवसाची पट्टी एक घर मागे फिरवली. मी घाबरलो, मित्रांनो. ती तारीख खोटी ठरली असती, पण तिने बाईचे खरे काम झाले असते. मी काय इच्छावे हे मला तेव्हा कळले नाही, आजही नीट कळत नाही. मला कागदावर धरून ते थोडा वेळ थांबले. मग पट्टी पुन्हा जागेवर आणली, त्या दिवसाचीच तारीख उमटवली आणि खाली पेनाने लिहिले, “तक्रारदार यापूर्वी नवव्या आणि विसाव्या दिवशी आली होती. शिक्का न मारता मी परत पाठवले. उशीर माझा आहे.” खाली सही केली.

शेजारच्या टेबलावरच्या महानंदाबाई म्हणाल्या, “अहो, निवृत्तीला चार महिने उरलेत. हे कशाला ओढवून घेता?”

“मग माझा उशीर तिच्या पदरात बांधू?”

योग्य कारण असेल तर उशीर माफ करता येतो, असाही एक नियम आहे. तो वापरलेला मी कधी पाहिला नव्हता. मंडळाच्या अध्यक्षा राजलक्ष्मी यांनी शेषगिरींची ती नोंद दोनदा वाचली, उशीर माफ केला आणि ठाण्याच्या फौजदाराला हजर राहण्याचे पत्र काढले. शेषगिरींना मेमो मिळाला.

“माझ्यापायी तुम्हाला बोल लागला, अण्णा,” यल्लव्वा म्हणाली.

“माझाच होता, अक्का. उशिरा लागला एवढंच.”

फौजदाराचे पुढे काय होईल ते मला माहीत नाही. शिफारस जाईल, सरकार ठरवील.

मित्रांनो, कुणी तुमच्या दाराशी कागद घेऊन आले, तर तो आल्याची नोंद आधी करा. चुका मागाहून दुरुस्त होतात. दिवस परत येत नाही.

फौजदाराला काढलेल्या त्या पत्राची एक प्रत यल्लव्वालाही मिळाली. शेषगिरींनी त्या प्रतीवर माझा ठसा मारून दिला. शाई ओली होती, म्हणून तिने कागद दुमडला नाही. डाव्या हातात तसाच उघडा धरून ती जिना उतरली.