ताईच्या यंत्रातला रेग्युलेटर
घरात त्याला बारक्या म्हणायचे, शेंडेफळ म्हणून. पण कानात बसणारं ऐकण्याचं यंत्र या बारक्यानेच बनवलेलं. व्हिडिओ बघत, चिपा जाळत, शिव्या खात. कुणासाठी? ताईसाठी. तिला लहानपणापासून ऐकू कमी यायचं. पुढे भाऊजींनी वर्कशॉप थाटलं, आणि ताईच भिंगाखाली यंत्रांचं सोल्डरिंग करू लागली. उद्या यंत्रांची पहिली पेटी कानाच्या दवाखान्यात जायची होती.

आणि त्या पेटीसोबतच बनलेलं ताईचं नवं यंत्र रोज भरदुपारी मुकं व्हायचं.

"बॅटरी भिकार आहे," भाऊजी म्हणायचे. ताई मान डोलवायची. बारक्याने बॅटऱ्या बदलल्या, चार्जर बदलला, शेवटी स्वतःच्याच डोक्यावर शंका घेतली.

आज त्याने बंद पडलेल्या यंत्राची बॅटरी मीटरला लावली. निम्म्याहून जास्त भरलेली!

मग त्याने यंत्रच उघडलं. बॅटरीचं व्होल्टेज दिवसभर उतरत जातं, सर्किटला मात्र एकसारखं लागतं. ते काम रेग्युलेटरचं. बारक्याने मुद्दाम लो-ड्रॉपआउट जातीचा निवडलेला. बॅटरी सर्किटच्या गरजेपेक्षा जेमतेम वर असली तरी तो निभावून नेतो. इथे तेवढ्याच आकाराचा, जुन्या जातीचा भलताच बसवलेला. याला गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरी जरा उतरली की हा हात वर करणार.

"भाऊजी, हा कुणी घातला?"

"तुझा तो नाजूक पार्ट वेळेवर आलाच नाही रे. हा बसला ना नीट? टेबलावर सगळी यंत्रं पास झाली."

"टेबलावर पॉवर सप्लाय लावून! लोक काय कानातून वायर लोंबकळत फिरणार आहेत?"

"ओरडू नकोस."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू अडून बसला असतास."

"अडणारच! लोकांच्या कानात जायचंय ते!"

एवढं बोलल्यावर त्याची नजर ताईकडे गेली. तिच्या कानात आता जुनं, मोठं यंत्र होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"ताई, सोल्डरिंग तुझं आहे. भिंगाखाली दिसलंच असेल ना?"

"दिसलं," ताई म्हणाली. "हे म्हणाले, पेटी जाऊ दे, मग सांगू."

"मी रोज विचारत होतो गं. यंत्र कशानं बंद पडतं म्हणून."

"मी बॅटरी म्हणाले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, माझं काय, मला सवय आहे."

"तुझ्यासाठीच बनवलं होतं ना मी!"



बारक्याने तिथूनच दवाखान्याला फोन लावला. "डॉक्टर, उद्या पेटी येणार नाही. आत चुकीचा पार्ट गेलाय. हो, आमच्याकडूनच."

"झालं समाधान?" भाऊजी दार आपटून बाहेर गेले.

बारक्याने पेटी पुढ्यात ओढली आणि सोल्डरिंग गन तापायला ठेवली. त्याचा हात थरथरतो हे दोघांनाही ठाऊक होतं. बारीक काम म्हणूनच तर कायम ताईचं.

"दे इकडे," तिने हात पुढे केला. "मी काढते."

बारक्याने गन तिच्या हाती दिली नाही. पहिलाच रेग्युलेटर काढताना त्याने खालची तांब्याची पट्टी उखडून टाकली. बोर्ड वाया गेला. त्याने तो बाजूला सारला आणि दुसरा उचलला.

"राहू दे ताई, आता मीच बघतो," तो म्हणाला.