मागच्या सीटवरची चादर

देवाजीची मोटार सोवळ्यात असते, असं सावली गावात सगळेच म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. पंचावन्न साली, विडीच्या तेंदूपानांच्या ठेक्यात दोन हंगाम बरे गेल्यावर, देवाजीने नागपूरच्या एका वकिलाची जुनी मोटार घेतली. इंजिन खोकत होतं, एक दार लाथ घातल्याशिवाय लागत नव्हतं. पण आतल्या सीटा पाहून त्याची बायको इंदू हरखून गेली. जाड, मऊ कापड, आणि रंग असा की दुधात चहा जरा कमीच पडला असावा. असलं कापड आपल्याला कधी अंगावर मिळालं नाही आणि लोक ते बुडाखाली घेतात, असं तिच्या मनात आलं, आणि त्या दिवसापासून ती त्या कापडाची राखणदार झाली.

पहिल्याच आठवड्यात तीन डाग पडले. एक देवाजीच्या डोक्याच्या तेलाचा, दुसरा मामेसासऱ्यांच्या पानाचा, आणि तिसरा कशाचा ते पोरांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. मग इंदूने कायदा केला. नातलग बसणार असले की सीटवर धुतलेलं जुनं लुगडं, धंद्यातली माणसं असली की सतरंजी, लेकरं असली की गोणपाट. पान खाणाऱ्याने आधी चूळ भरायची, मग पायरीवर पाय ठेवायचा. पुढची सीट तेवढी उघडी राही, कारण तिथे ती स्वतः बसे आणि नवऱ्याच्या डोक्यामागे पंचा बांधलेला असे. एवढं सगळं करून ते सुंदर कापड कुणाच्या नजरेलाच पडत नसे, पण हे तिला सांगायची छाती कुणाची नव्हती.

पुढच्या वर्षी चैत्रात मात्र घोडं अडलं. सावलीपासून आत, जंगलात, कोसमटोला नावाचं गोंडांचं साठ घरांचं गाव होतं. तेंदूपान तोडावं तर कोसमटोल्याच्या बायांनीच. त्यांच्या पुड्यात फाटकं पान शोधून सापडायचं नाही. पण आदल्या हंगामात गावचा जाणता म्हातारा, झाडू त्याचं नाव, देवाजीच्या ओसरीवर येऊन बसला असता मुनीम त्याला म्हणाला होता, पाय धुळीचे आहेत, सतरंजीवरून ऊठ. झाडू उठला. त्याने थेट गावची वाट धरली. आणि त्या हंगामात कोसमटोल्याहून देवाजीला एक पान मिळालं नाही. यंदाही तसंच झालं तर ठेका हातचा गेला आणि मोटारही गेली, हे इंदूला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

देवाजीने मुनीम काढला आणि स्वतः कोसमटोल्याला जाऊन हात जोडले. झाडू म्हणाला, पाहू. मग बऱ्याच वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, त्याने सांगितलं की बायकोला, मंगलीला, एकदा चांद्याची महाकालीची जत्रा दाखवायची होती, पण आता दोघांच्याही पायांत तेवढं बळ राहिलं नाही. देवाजी लगेच म्हणाला की मोटारीने नेतो.

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि नवरा-बायकोची जुंपली. देवाजीचं म्हणणं, सीटवर काही म्हणजे काही टाकायचं नाही. सतरंजीवरून उठवलेला माणूस तो; खाली काही पसरलेलं दिसलं की त्याला सगळं आठवेल. इंदूचं म्हणणं, जत्रेतून माणूस येतो तो कुंकू, गुलाल, नारळाचं पाणी आणि झरपट नदीचा गाळ अंगावर घेऊन येतो, आणि त्या कापडावर पडलेला डाग ब्रह्मदेवाच्या बापालाही निघायचा नाही. शेवटी तिने पेटीतून सावलीच्या मागावरची नवी खादीची चादर काढली, घडीसुद्धा न मोडलेली. अशी चादर पाहून म्हाताऱ्याला मान दिल्यासारखं वाटेल आणि सीटही वाचेल. आपल्या हुशारीवर ती स्वतःच खूश झाली. देवाजीने कपाळाला हात लावला, पण चादर पसरली गेली.

दिवस उगवता उगवता मोटार कोसमटोल्याला पोचली. झाडू आणि मंगली वाटेवर उभेच होते, अंघोळ करून, केस विंचरून, झाडूचं धोतर पांढरंफेक आणि मंगलीचं लुगडं नवं कोरं. झाडूने दारातून आत पाहिलं. चादरीवर हात फिरवला. तिचं एक टोक उचलून खालचं कापड पाहिलं, टोक जसं होतं तसं ठेवलं आणि इंदूकडे टक लावून पाहिलं. आता हा वळणार आणि घरी जाणार, असं तिला वाटलं. पण झाडू वाकून आत बसला, त्याच्यामागून मंगली बसली आणि देवाजीने दाराला लाथ घातली.

जत्रा झकास झाली. मंगलीने देवीपुढे जे डोळे मिटले ते पुजाऱ्याने दोनदा खाकरल्यावर उघडले. झाडूने आकाशपाळणा पाहिला आणि त्यात बसणाऱ्यांच्या अकलेबद्दल मत दिलं. इंदूचं मात्र निम्मं लक्ष त्यांच्या हातांवर होतं: कुंकू कुठे पुसतात, नारळ कुठे ठेवतात. मंगलीने सगळा प्रसाद पदरात बांधला होता आणि झाडू मोटारीत चढण्याआधी झरपटीच्या पाण्याने पाय धुऊन, वाळवून आला होता. तरी इंदूचा भरवसा बसेना. परतताना मूल गावाच्या अलीकडे झाडाखाली भाकरी खाल्ली, आणि निघायच्या घाईत तिने लोणच्याची बरणी फडकं न बांधताच मांडीवर घेतली. मोटार चालू झाल्यापासून ती मान मागे वळवून बसली होती, कारण झाडूच्या बोटांना अजून गुलाल होता. एका खड्ड्यात चाक आपटलं. बरणी कलंडली आणि सालभर मुरलेलं तांबडं तेल उघड्या सीटवर सांडलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता आपल्याच मांडीवरची बरणी सांडली, हे सांगायचं कुणाला? इंदूने बरणी सरळ केली, जराशी सरकली आणि थेट डागावर बसली. लुगड्यातून तेल गार लागत होतं. देवाजी पुढे पाहत, गुणगुणत मोटार हाकत होता.

थोडं पुढे गेल्यावर इंजिन तापलं. देवाजी आणि झाडू डबा घेऊन नाल्याकडे पाणी आणायला गेले. मंगली खाली उतरली, पुढचं दार उघडून उभी राहिली आणि इंदूला म्हणाली, "उठा, बाई." सगळी मोटार लोणच्याच्या वासाने भरली होती, नाक असलेल्या माणसाला सांगायची गरजच नव्हती. इंदू उठली. रस्त्याकडेला गाडीवानांनी मांडलेली चूल होती. मंगलीने तिथली थंड राख लुगड्याच्या पदरातून गाळून आणली, डागावर पसरली, तळव्याने दाबली, थांबली, झटकली, पुन्हा पसरली. चौथ्या खेपेला राख कोरडीच निघाली. पिवळट छटा तेवढी उरली. हळद उन्हात उडून जाईल, असं मंगलीने सांगितलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. पुरुष पाणी घेऊन आले तेव्हा दोघी देवीच्या नथीबद्दल बोलत होत्या.

कोसमटोल्याला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. जत्रा कशी झाली ते ऐकायला सगळं गाव मोहाच्या झाडाखाली जमलं होतं. झाडू आधी गोंडीत खूप वेळ बोलला, लोक माना डोलवत होते, मधूनच इंदूकडे पाहत होते. देवाजीने पानांचा विषय काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात झाडू दोघा नवरा-बायकोकडे वळला.

"मांगच्या साली मले सतरंजीवरून उठवलं, ते आजपासून इसरलो मी," तो म्हणाला. "देवीसाठी आंग धुवून, नवे कपडे घालून निघालो होतो आमी. मोटारीत तं कोनीबी बसते, कसाबी बसते. आमचे कपडे खराब होऊ नाई म्हून या बाईनं घडी न मोडलेली चादर टाकली. असा इचार कोन करते? यंदाचं पान तुमालेच देऊ."

देवाजीचं घोडं गंगेत न्हालं. त्याने झाडूचे दोन्ही हात धरले. इंदूला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ घरांची माणसं तिच्याकडे कौतुकाने पाहत होती आणि तिला वर पाहवत नव्हतं. एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. ती उठून मोटारीकडे गेली. तिथे मंगली चादर झटकून तिची घडी घालत होती. चादरीवर गुलालाचा कणही नव्हता.

इंदू गप्प बसली असती तर सगळं सुरळीत होतं. पान मिळालं होतं, सीट वाचली होती. पण ज्या हातांनी राख दाबली त्यांच्यासमोर तिला गप्प राहवेना.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "हे चादर मी तुमच्यासाठी नव्हती टाकली. सीटले तुमचा डाग लागू नाई म्हून टाकली होती."

मंगलीने घडीची कड नीट केली आणि चादर इंदूच्या हातांवर ठेवली.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "बसतानीच समजलं होतं. पन बुढ्याले नोका सांगू. लय सालानं असा खुश पाह्यला मी त्याले."

आणि ती मोहाखाली परत गेली. तिथे झाडू ती चादर किती पांढरी होती आणि हाताला कशी लागत होती ते तिसऱ्यांदा सांगत होता. मंगली त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवू लागली.