झऱ्यावरची झाडं

बाळाचा ताप उतरला तशी ती पुन्हा रानात कामाला निघाली. बाळ पाठीशी बांधलेलं, हाती शिक्क्याचा हातोडा. तोडायच्या झाडाची साल तासून ती दोन ठोके मारायची, एक छातीच्या उंचीवर, एक मुळाशी. ओंडका गेला तरी खाली उरलेल्या खुंटावर परवानगीचा शिक्का दिसला पाहिजे, हा तिथला रिवाज. हे काम तिला तिच्या थोरल्या भावाने, दादानेच शिकवलं होतं. तो करवतवाल्यांच्या टोळीचा मुकादम.

झऱ्यावरच्या उताराची झाडं मात्र तिने मुद्दाम राखली होती. त्यांच्या मुळांनीच तो उतार धरून ठेवला होता, आणि खाली वस्ती होती.

आज वर पाहते तर उतार उघडाबोडका. आणि प्रत्येक खुंटावर तिचाच शिक्का.

ती खाली बसली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. सगळे डावीकडे कललेले. तिचा ठोका उजवीकडे कलायचा. डावखुरा टोळीत एकच होता, दादा. बाळ तापाने फणफणलं तेव्हा, ‘हातोडा माझ्याकडे राहू दे, तू पोराकडे बघ’ असं मायेने म्हणणाराही तोच.

तेवढ्यात तपासणीचे साहेब चढून आले, मागोमाग दादा. हे शिक्के कुणाचे, साहेबांनी विचारलं. काम जाणार हे तिला कळत होतं. तरी दादाला कसं वाचवावं, याचीच जुळवाजुळव तिच्या मनात चालली होती. त्याची बायको, त्याची पोरं डोळ्यांपुढे येत होती.

दादा तिच्याआधी बोलला.

“हिचेच, साहेब. मूल झाल्यापासून हिचं डोकं जागेवर नसतं. मारले असतील आणि विसरली असेल.”

किती सहज बोलला तो. जणू तिच्या वेंधळेपणाचा घरगुती किस्साच सांगत होता.

मनात जुळवलेलं सगळं तिने सोडून दिलं. हातोडा त्याच्यापुढे धरला.

“दादा, या खुंटावर एक ठोका मार. कुठे कलतो ते साहेबांना बघू दे.”

त्याने हातोडा घेतला नाही. दोन्ही हात खिशात घातले आणि खाली वस्तीकडे बघत राहिला. साहेब खुंटापाशी वाकले.

पाठीवरचं बाळ मामाला ओळखून खुदकन हसलं, त्याच्याकडे झेपावू लागलं. रोज अशा वेळी ती गाठ सोडायची. आज तिने ती घट्ट आवळली.