टाळ्यांच्या गजरात मंजूर

त्या देशाचं नाव मी इथे घेणार नाही. माझा धाकटा भाऊ सम्यक तिथे तुरुंगात आहे, आणि नाव घेतलं की काय होतं ते मी पाहिलंय.

सम्यक तेलाच्या जहाजावर फिटर. बड्या देशांनी त्या देशावर निर्बंध घातले आणि त्याचं एक जहाज कुठल्याशा समुद्रात अडवलं. मग त्या देशानेही समोर दिसलं ते जहाज धरलं. त्यावर हा होता. आरोप काय, तर तेलाची चोरटी वाहतूक. विक्रोळीच्या पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरतानासुद्धा आकडा शून्यावर आहे ना, असं दोनदा विचारणारा पोरगा हा! आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. जहाजाचा मालक कुठल्या देशातला, तेही कोणाला धड सांगता येईना.

दिल्लीतला अधिकारी फोनवर एकच सांगायचा, "बातचीत चल रही है, शोर मत कीजिए." आम्ही वर्षभर शोर केला नाही. आमची आई, सुंदराबाई, शेजारणींना सांगत राहिली की पोरगा लांबच्या फेरीवर गेलाय. खोटं बोलायची तिला सवय नाही. प्रत्येक वेळी घरात येऊन ती तोंडावर पाणी मारायची.

मुलुंडचे देवव्रत सर निवृत्त राजदूत. त्यांनी जुन्या ओळखींतून आमच्यासाठी फोन केले, हे नाकारणार नाही. पण त्यांच्या बोलण्यात सम्यक नसायचा, 'ते प्रकरण' असायचं. "असल्या राजवटींशी बोलत राहायचं असतं, जयाताई. दार बंद करायचं नाही. आणि बाहेर कुठे ब्र काढायचा नाही." दाराच्या आत माझा भाऊ आहे, याची दर वेळी मीच त्यांना आठवण करून द्यायचे.

आणि मग एक दिवस अधिकारी म्हणाला की चार जणांना सोडतायत, सम्यक त्यात आहे. फक्त कुठे वाच्यता नको. मी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या तशाच टाकून जिन्यात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात मधुवंती मॅडमचा फोन आला. मुलुंडच्या व्याख्यानमालेच्या त्या अध्यक्ष. परिसंवाद ठेवलाय, 'हुकूमशहांशी संवाद की निर्बंध?' संवादाच्या बाजूने देवव्रत सर, निर्बंधांच्या बाजूने त्या स्वतः. मी पहिल्या रांगेत बसायचं. सम्यकबद्दल यांना कळलं कुठून? तर आम्हाला तोंड शिवून घ्यायला सांगणाऱ्या सरांच्याच तोंडून, चहा पिताना.

"त्याचं नाव कुठेही येणार नसेल तर येते," मी म्हटलं.

"अगदी! शब्द देते," मॅडम म्हणाल्या.

न जाऊन चाललं असतं. पण ही दोघं माझ्या भावावर बोलणार, तर तिथे त्याच्या बाजूचं कोणीतरी हवं, म्हणून गेले.

सभागृह भरलेलं होतं. सर म्हणाले की देशाची कोंडी केली की हुकूमशहा उपाशी राहत नाही, जनता राहते. टाळ्या. मॅडम म्हणाल्या की तुम्ही हसत हस्तांदोलन करता, आणि तो फोटो ते आपल्या कैद्यांना दाखवतात, बघा, जग आमच्या बाजूने आहे. टाळ्या. मला दोन्ही पटत होतं, आणि पटून उपयोग काहीच नव्हता.

शेवटी कार्यवाह उठले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. परिसंवादाच्या शेवटी ठराव करायचा ही तिथली परंपरा. या व्याख्यानमालेने आजवर जगातल्या निम्म्या देशांचा निषेध केलाय, एकाही देशाला त्याचा पत्ता नाही. अण्णांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "विक्रोळीचे सुपुत्र सम्यक कुंडलिक वाघमारे यांना डांबून ठेवणाऱ्या जुलमी राजवटीचा ही सभा तीव्र निषेध करते…"

मी उभी राहिले. "थांबा! नाव काढा!"

"ताई, तुमच्या भावना समजतात," अण्णा म्हणाले आणि टाळ्यांसाठी हात वर केले. लोकांनी वाजवल्या. मला बघून तर जास्तच वाजवल्या.

मी व्यासपीठावर चढले आणि माईक ओढून घेतला. "आमच्या घरात कोणाला मोर्चा शिकवावा लागत नाही. माझे आजोबा नामांतरात डोकं फोडून घेऊन घरी आले होते. पण आमच्यात एक साधा नियम आहे. लाठी ज्याच्या पाठीवर पडणार, घोषणा त्याने द्यायची. तुमच्यातल्या कोणाची पाठ तिथे आहे? हात वर करा ना!"

मॅडमचा चेहरा उतरला. "अण्णा, नाव काढा. मी त्यांना शब्द दिला होता."

अण्णा चष्मा पुसायला लागले. "नावाशिवाय ठरावाला वजन येत नाही हो. आणि आता काढून काय… प्रेसनोट दुपारीच गेली."

दुपारीच! पेपरची पानं संध्याकाळी लागतात, म्हणून हे लोक कार्यक्रम व्हायच्या आधीच कार्यक्रमाची बातमी पाठवून मोकळे होतात. सभेला माणूस यायच्या आत 'टाळ्यांच्या गजरात मंजूर' असं लिहूनही झालं होतं. वर एक प्रत त्या देशाच्या दूतावासाला, माहितीसाठी. निम्म्या जगाचा निषेध करून कोणी दखल घेतली नव्हती. या वेळी घेतली.

चार जण सुटले. सम्यकच्या जागी दुसराच कोणी होता. त्याच्या घरच्यांचं भलं होवो, पण त्या दिवशी मला तेही म्हणवलं नाही.

संध्याकाळी सरांचा फोन. "मी सांगत होतो ना, जाहीर निषेधाने हेच होतं. दुर्दैवाने माझा मुद्दा सिद्ध झाला."

"तुमच्या चहाने काय झालं, ते पण सिद्ध झालं," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मग मॅडम. त्या खरंच रडत होत्या, पण रडता रडता म्हणाल्या, "जया, एका कागदावर चिडून जे निरपराध माणूस अडकवून ठेवतात, त्यांच्याशी बोलून काय मिळणार होतं गं?"

म्हणजे यांचाही मुद्दा सिद्ध झाला. सम्यक सुटला असता तर दोघांपैकी एकाला तरी चुकलो म्हणावं लागलं असतं. तो आत राहिला आणि दोघंही बरोबर ठरले. माझं डोकं फिरलं. मी मॅडमना नाही नाही ते बोलले, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

दर रविवारी तुरुंगातून फोन करू देतात, तसा त्या रविवारी सम्यकचा फोन आला. त्या लाईनवर कायम तिसरा माणूस असतो. त्याला मराठी कळतं. एकदा सम्यकने जेलरबद्दल एक शब्द काढला, तर पुढे दोन महिने फोन नव्हता. आई समोर बसली होती. तिने दोन्ही हात जोडले, म्हणजे काही बोलू नकोस.

"ताई, बाकीचे गेले गं. माझं नाव वाचून दाखवलं होतं. मी सामान पण बांधलं होतं. मग काय झालं? कोणी काय केलं?"

सगळं घशाशी आलं होतं. अण्णा, प्रेसनोट, चहा, टाळ्या. एक शब्द सांगितला असता तर पुढचा रविवार गेला असता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"मी काय विचारतोय, ताई?"

"तब्येत सांभाळ. जेवलास का ते सांग ना."

मग तो म्हणाला, "तू पण इथल्या लोकांसारखीच बोलायला लागलीस."

नेहमी फोन तिकडचा माणूस तोडतो. त्या दिवशी सम्यकने स्वतःच ठेवला.