बरणीतले धुके आणि अण्णांचा अभाव

मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि लखनौच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये राहते. एवढे मला खात्रीने ठाऊक आहे, मित्रांनो. पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मेअधिक मला अजून नीट कळलेले नाही. पण ते माझ्या पोटात घडले, म्हणून सांगायचा हक्क माझा आहे असे मला वाटते.

माझा जन्म फिरोजाबादच्या एका भट्टीत झाला. नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा होता आणि एका कारागिराने फुंकर घालून त्याचे पोट फुगवले. मग ट्रकमध्ये गवतात बसून मी आलमबागच्या बाजारात आले. तिथे पद्माताई साठ्यांनी मला बोटाने टिचकी मारून पाहिले, आवाज पसंत पडला आणि घरी आणले. त्यांचे यजमान धनंजयराव रेल्वेत इंजिनियर होते. पद्माताईंनी माझ्यात कैरीचे लोणचे भरले. शेजारणी म्हणत, "भाभीजी, आपके अचार का जवाब नहीं." कौतुक लोणच्याचे होते, पण तेव्हा लोणचे कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते हे मला समजत नसे. त्यामुळे मीच खूश होत असे.

काही वर्षांनी धनंजयरावांचे वडील वाईहून कायमचे राहायला आले. त्यांचे नाव नरहर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वाईला त्यांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले होते. लखनौत त्यांना शिकवायला कुणी नव्हते. नात देविका अकरावीत होती. तिला मराठी समजे, पण ती उत्तर हिंदीत देई, आणि तेही घाईत. अण्णा मागच्या व्हरांड्यात हिंदी वर्तमानपत्र घेऊन बसत आणि दुपारपर्यंत ते वाचून संपले की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत.

सन १९९६चा जानेवारी होता. बाहेर इतके दाट धुके पडे की समोरचे पेरूचे झाड दिसत नसे. एका सकाळी अण्णांनी बातमी मोठ्याने वाचली. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी प्रतिपदार्थाचे, म्हणजे नेहमीच्या पदार्थाच्या उलट्या प्रकारचे, अणू तयार केले होते. ते क्षणभर टिकले, साध्या पदार्थाला भेटले आणि दोन्ही नाहीसे होऊन नुसती ऊर्जा उरली.

"बाबा, मेरा टॉपिक मिल गया," देविका म्हणाली. शाळेत विज्ञान प्रदर्शन होते आणि तिला कणांच्या वाटा दाखवणारे यंत्र करायचे होते. त्यासाठी मोठी स्वच्छ काच हवी होती. घरात तशी मी एकटीच होते.

पद्माताईंना ते आवडले नाही. तरी त्यांनी उरलेले लोणचे चिनीमातीच्या बरणीत काढले आणि मला खूप घासले. मी रिकामी झाले. मी आता लोणच्याची नव्हते. मग मी कशाची होते?

देविकाने मला उलटे केले. वर आलेल्या तळाला आतून जाड लोकरी कापड बसवले आणि ते स्पिरिटने भिजवले. झाकणाला काळा कागद लावला. धनंजयराव चिनहटच्या एका आइस्क्रीम कारखान्यातून स्कूटरवर कोरडा बर्फ घेऊन आले. तो वितळत नाही, हवेतच उडून जातो. मला त्याच्यावर ठेवले. डोके उबदार आणि तोंड गोठलेले, अशी मी बसले. थोड्या वेळाने माझ्या आत धुके जमले.

पहिल्या दिवशी धुक्याशिवाय काही दिसले नाही. "हिंगाचा वास अजून येतोय," धनंजयराव म्हणाले, "आत तेलाचा थर असणार." त्यांनी मला सोड्याच्या गरम पाण्याने धुतले. दुसऱ्या दिवशी देविकाने बाजूने टॉर्च धरला आणि सगळे वाकून पाहू लागले. एकाएकी माझ्या पोटात सुतासारखी पांढरी रेघ उमटली आणि विरली. मग दुसरी. मला गुदगुल्याही झाल्या नाहीत.

"आकाशातून असे कण सतत येत असतात," धनंजयराव म्हणाले. "घरातून, आपल्या अंगातून आरपार जातात. कण दिसत नाही, तो गेल्याची वाट दिसते."

देविकाने जुन्या रेडिओतला लोहचुंबक माझ्याजवळ ठेवला. एक बारीक रेघ वळली. नंतरची एक उलट्या बाजूला वळली. "ये पॉझिट्रॉन है," ती म्हणाली, "इलेक्ट्रॉन का उल्टा. वही अख़बारवाला प्रतिपदार्थ." माझ्या पोटात कुणी उलटे येऊन गेले, या विचाराने मी घाबरले.

अण्णांचा चेहरा मात्र उजळला होता. "धनंजय, हे आपल्याकडे आहे. वैशेषिक दर्शनाने सात पदार्थ मानले, त्यातला सातवा अभाव. नसणं हासुद्धा पदार्थ. ही बरणी इथून उचलली तर इथे काय राहील? बरणीचा अभाव. तो तुला दिसेल की नाही?"

"अण्णा, तुमचा पदार्थ वेगळा, आमचा वेगळा. तुम्ही ज्याला नाव देता येतं त्या सगळ्याला पदार्थ म्हणता. आम्ही ज्याला वजन आहे त्याला म्हणतो."

"बरणी आणि बरणीचा अभाव एका जागी राहतील का? नाही. तुझे कण आणि प्रतिकण तरी राहतात का?"

धनंजयराव पुन्हा वाकून माझ्यात पाहू लागले. मी मात्र गोंधळले. मला उचलल्यावर माझ्या जागी जे राहते ते कोण असते? मी त्याला कधी पाहिले नाही. ते असताना मी तिथे नसते.

प्रदर्शन दोन दिवसांचे होते. पहिल्या दिवशी अण्णा बंद गळ्याचा कोट घालून देविकाबरोबर आले. मुले मला पाहत आणि पुढे जात. मग अण्णा उठून बोलू लागले. हिंदी त्यांचे मराठी वळणाचे होते, पण वर्गात शिकवताना लागतो तो आवाज त्यांना परत मिळाला होता. "देखो बच्चों, नहीं होना भी एक होना है." हळूहळू गर्दी जमली. कुणी म्हणाले, "वाह पंडितजी, ये तो हमारे यहाँ पहले से था." अण्णांनी होकार दिला. इतके ताठ उभे राहिलेले अण्णा मी घरात कधी पाहिले नव्हते.

गर्दी पांगल्यावर भौतिकशास्त्राच्या सक्सेना मॅडम देविकाला हळूच म्हणाल्या, "बेटा, वो लकीर पॉझिट्रॉन ही थी, ये कैसे कहोगी? इलेक्ट्रॉन उल्टी तरफ़ से आया हो, तो भी ऐसे ही मुड़ेगा."

देविका चुंबक हातात घेऊन उलटसुलट पाहू लागली. तेव्हापासून मलाही कळेनासे झाले आहे की माझ्याकडे पाहुणा कोण आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात छापून आले की प्राचीन ऋषींनी प्रतिपदार्थ शोधला होता. खाली अण्णांचे नाव होते. धनंजयरावांनी पेपर टेबलावर ठेवला.

"अण्णा, यात पोरीचं हसं होतंय. उद्या ऑफिसात मला काय काय ऐकावं लागेल."

"मी ऋषींनी शोधला असं म्हटलं नव्हतं."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

अण्णांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. आदल्या संध्याकाळी मला घरी आणून धुतले होते आणि मी ओट्यावर पालथी पडून सगळे ऐकत होते. देविका त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आजोबा, एक बात पूछूँ? पॉझिट्रॉन का वज़न इलेक्ट्रॉन जितना ही होता है. वो आता है तो लकीर छोड़ता है. आपका अभाव लकीर छोड़ेगा?"

अण्णांनी ताट बाजूला सारले. मग त्यांनी कोट मागितला.

त्या दिवशी माझ्याभोवती कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. पेपर वाचून माणसे अण्णांनाच ऐकायला आली होती. शाळेने एक खुर्ची आणि माइकही ठेवला होता. एक गृहस्थ म्हणाले, "पंडितजी, वही सुनाइए जो कल सुनाया था."

अण्णा उभे राहिले. त्यांनी एक हात माझ्या काचेवर ठेवला.

"कल मैंने आपको उलझा दिया," ते म्हणाले. "ये जो प्रतिपदार्थ है, ये कोई चीज है. उसका वज़न है, वो अपनी राह छोड़ता है. अभाव दूसरी बात है. दोनों एक नहीं हैं. हमारे पुरखों ने इसको नहीं खोजा था."

"तो फिर हमारे यहाँ क्या था?" गृहस्थांनी जरा रागाने विचारले.

"बहुत कुछ था. ये नहीं था."

माणसे थोडा वेळ थांबली. मग एकेक करून शेजारच्या टेबलाकडे गेली. तिथे एका मुलाचा मातीचा ज्वालामुखी फेस ओकत होता. अण्णा खुर्चीवर बसले. माइक कुणीतरी उचलून नेला. देविकाने माझ्यामागच्या तक्त्यावरचे 'पॉझिट्रॉन' खोडून 'शायद पॉझिट्रॉन' लिहिले. बक्षीस ज्वालामुखीला मिळाले.

आवरताना मला बर्फावरून घाईने उचलले आणि माझ्या तोंडाच्या कडेला तडा गेला. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण तेव्हाच धनंजयराव पुढे आले. आम्हाला न्यायला आलेले ते अण्णांचे बोलणे चालू असतानाच गर्दीच्या मागे येऊन उभे राहिले होते.

घरी चहा झाल्यावर त्यांनी अण्णांच्या खाटेजवळ बसायचा वेताचा मोढा ओढला. "अण्णा, तो अभाव मला पहिल्यापासून सांगा. मी कधी पूर्ण ऐकून घेतलंच नाही."

अण्णांनी सांगितले. एखादी वस्तू तयार होण्याआधीचे तिचे नसणे वेगळे, ती मोडल्यावरचे वेगळे. सांगता सांगता ते थांबले.

"तुझी आई गेल्यावर वाईच्या घरात मला रोज ती नसलेली दिसायची. चुलीपाशी, दारात. लोक म्हणायचे, तिथे काही नाही. मला ते काही नाही असं वाटेना. म्हणून मी एवढा धरून बसलो होतो."

धनंजयराव खाली मान घालून ऐकत राहिले. "मलाही दिसते," शेवटी ते म्हणाले. देविका टॉर्च हातात घेऊन दारात उभी होती. ती आत येऊन बसली. त्या संध्याकाळी त्या घरात कुणी कुणाला चूक ठरवले नाही.

मित्रांनो, आता माझ्यात लोणचे भरत नाहीत. तडा गेलेल्या भांड्यात कोण भरणार? मी फळीवर आहे आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे आहेत. माझ्या आत उलटा कण येऊन गेला की नाही, मला माहीत नाही. अभाव म्हणजे काय, तेही अर्धेच कळले आहे. पण दोन न कळलेल्या गोष्टींना एकच नाव देऊन मोकळे होऊ नये, एवढे अण्णांकडून शिकले. तुम्हीही काही कळले नाही तर तसे सांगा, आणि घरातले म्हातारे माणूस काही सांगत असेल तर शेवटपर्यंत ऐका. आणि मला फळीवरून काढाल तेव्हा दोन्ही हातांनी धरा. तडा अजून वाढतो आहे.