पावलंवाल्या काकांचा शेवटचा जिना

पडद्यावर कुणीही चालो, पाय काकांचे असायचे. चित्रीकरणात पावलांचे आवाज धड येत नाहीत, म्हणून मग स्टुडिओत पडद्याकडे बघत कुणालातरी ते चालून द्यावे लागतात. पावलंवाले काका चाळीस वर्षं तेच करत होते. नायिकेच्या टाचा, पोलिसाचे बूट, म्हातारीच्या सपाता, सगळं त्यांचंच. हा चित्रपट संपला की गुडघ्यांना कायमची रजा द्यायचं ठरलं होतं.

चित्रपट बायकोला घाबरवून वेडं करायला निघालेल्या नवऱ्याचा. त्याचे बूट घालून काका लाकडी फळीवर सतरा पायऱ्या चढले. पुढे बायको खाली स्वयंपाकघरात एकटी ग्लास विसळते, चांगलं मिनिटभर. वळते, तर नवरा दारात!

"हा उतरला कधी?" काकांनी विचारलं.

दिग्दर्शिका त्यांच्या लेकीच्या वयाची. "उतरला असेल की, काका."

"असेल काय? चाळीस वर्षांत ज्याला चढवलं त्याला सुखरूप खाली आणलंय मी. शेवटच्यालाच वर अडकवून जाऊ?"

"शूटिंग संपलंय हो. आता कुठून उतरवू?"

"दिसायला नकोच. नुसता ऐकू आला तरी पुरे."

तिने मान डोलावली. त्या मिनिटावर काका हलक्या पावलांनी सतरा पायऱ्या उतरले. कथेचं भोक बुजलं. दोघांनी प्रसंग पाहिला. बायको ग्लास विसळत होती, नवरा उतरत होता, आणि आता येऊन चहा मागेल असं वाटत होतं.

"आता पावलांशिवाय बघू," ती म्हणाली.

पाण्याची धार. नळ बंद. मग काहीच नाही. काकांच्या हातावर काटा आला. त्या नवऱ्याला आपणच चालवलंय हे ठाऊक असूनही त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"तुमचा शेवटचा चित्रपट आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

काका बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले.

"पुसून टाक. राहू दे मेल्याला वरच."

पहिल्या खेळाला त्या मिनिटात कुणी खोकलंसुद्धा नाही. काकूंनी काकांची बाही घट्ट धरली, ती बाहेर रस्त्यावर आल्यावरही सोडली नाही. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मात्र त्या थबकल्या.

"अहो, पण तो खाली आला कधी?"

"आला होता," काका म्हणाले. "मीच परत पाठवला."